एक भागिले दोन बरोबर शून्य

घनमूळ काढायचं म्हणून फोर्ट्रान या संगणकभाषेत एखाद्या संख्येचा घात कंसात १/३ असा लिहिला, तर ८ द्या नाहीतर १००० द्या, उत्तर १ येतं. वर आणि खाली दोन्हीकडे पूर्णांक दिसले, की यंत्र भागाकारातला अपूर्णांक टाकून देतं. मग १/३ चं शून्य होतं, आणि शून्यावा घात म्हणजे १. आज्ञावली अडत नाही, कुरकुरतही नाही.

ही रीत १९५७ सालची. आयबीएमच्या ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान तयार केली, तेव्हा खरं गणित दशांश संख्यांनी करायचं होतं. पूर्णांकांकडे किरकोळ काम होतं : यादीतलं कितवं पद, कितवी फेरी, एवढं मोजायचं. अशा मोजणीत बाकी टाकली तरी सहसा बिघडत नाही. ७०४ मध्ये संख्येचं चिन्ह वेगळं आणि मूल्य वेगळं साठवलेलं असे. म्हणून −७ ला २ ने भागायचं, तर ७ ला भागून ३ आणायचे आणि त्यांना उणे चिकटवायचं.

वाईट याचं वाटतं, की तोडगा तीनच वर्षांत सापडला होता. अल्गोल ६० या भाषेत नेहमीच्या भागाकाराला / आणि पूर्णांकी भागाकाराला ÷ अशी दोन चिन्हं होती. निक्लाउस विर्थ यांनी पास्कलमध्ये हा भेद ‘डिव्ह’ या शब्दाने जपला. पण डेनिस रिची यांच्या सी भाषेत दोन्ही कामं एकाच / वर आली, आणि पुढे जावाने सीचाच कित्ता गिरवला. कर्निघन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना आधी ५ ने गुणलंय, मग ९ ने भागलंय. ५/९ आधी केलं असतं, तर सगळी तापमानं शून्य झाली असती. पहिल्याच प्रकरणात असा वळसा शिकवावा लागतो, हे काही भाषेचं भूषण नव्हे.

ऋण संख्यांचा घोळ निराळाच. सीच्या प्रमाणकाने १९९९ पर्यंत −७/२ चं उत्तर −३ की −४ हे मोकळं सोडलं होतं. मग फोर्ट्रानसारखं −३ ठरलं. पायथॉनने −४ निवडलं, म्हणजे बाकी −१ ऐवजी १ राहते. संगणक वेळ १९७० च्या आरंभापासून सेकंदांत मोजतो, त्यामुळे त्याआधीचे क्षण ऋण सेकंदांत येतात. त्यांना ८६,४०० ने भागल्यावर बाकी धन राहिली, तरच दिवसातली वेळ सरळ निघते. ग्वीदो व्हान रॉसम यांनी या निवडीचं समर्थन याच उदाहरणाने केलंय.

१/२ ला मात्र पायथॉनही शून्यच म्हणत असे. २००१ मध्ये मोशे झाडका आणि व्हान रॉसम यांनी बदल सुचवला. पूर्णांकी भागाकारासाठी // आलं, आणि २००८ च्या पायथॉन ३ पासून / चं उत्तर ०.५ झालं. जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करत बसावं लागलं, तरी हा सौदा मला रास्त वाटतो. जावा बदललेली नाही. तिच्यात गोलाच्या घनफळाचं सूत्र ४/३ पासून लिहायला घेतलं, तर गोल अजूनही चतुर्थांशाने लहान निघतो.