केईएम रुग्णालयातील परीक्षानळी शिशू प्रकल्प

केईएम रुग्णालयातील परीक्षानळी शिशू प्रकल्प हा मुंबईतील परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालयाचा स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभाग आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) प्रजनन संशोधन संस्था यांनी १९८० च्या दशकात संयुक्तपणे चालविलेला संशोधन व उपचार प्रकल्प होय. या प्रकल्पातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा नावाच्या मुलीचा जन्म झाला. शरीरबाह्य फलनाद्वारे जन्मलेले, वैज्ञानिक नोंदींनी सिद्ध झालेले भारतातील पहिले बालक म्हणून तिची गणना होते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार हे या प्रकल्पाचे प्रमुख होते.

हा जन्म अनेक वर्षे ‘भारतातील पहिला परीक्षानळी जन्म’ म्हणून ओळखला जात असे. कोलकात्यातील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या १९७८ मधील कार्याला पुढे मान्यता मिळाल्यामुळे या वर्णनात ‘वैज्ञानिक नोंद झालेला’ या विशेषणाची भर पडली. ही मान्यता मिळवून देण्यात मुंबईच्या प्रकल्पाचे एक प्रमुख आनंदकुमार यांचाच पुढाकार होता.

संस्थात्मक पार्श्वभूमी

केईएम रुग्णालय आणि त्याला संलग्न असलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांची स्थापना १९२६ मध्ये झाली. सरकारी सेवेत नसलेल्या पात्र भारतीय अध्यापकांकडूनच येथे शिकविले जावे, अशी महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांची अट होती. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा तेव्हा बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती असल्याने या अटीला विशेष महत्त्व होते. रुग्णालय व महाविद्यालय दोन्ही मुंबई महानगरपालिकेच्या अखत्यारीत आहेत. परळ-लालबाग हा गिरणगावाचा भाग असल्याने गिरणी कामगारांची कुटुंबे व अल्प उत्पन्न गटातील लोक हा येथील रुग्णवर्गाचा मोठा हिस्सा राहिला आहे.

प्रजनन संशोधन संस्था ही आयसीएमआरची संस्था केईएम रुग्णालयाच्या निकटच आहे. आता ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. गर्भनिरोधनाच्या साधनांची चाचणी व अभ्यास हा तिच्या कामाचा आरंभीचा गाभा होता. रुग्णालयात रुग्ण, शस्त्रक्रियागृह व प्रसूतीची सोय होती, तर संस्थेत संप्रेरकांचे मापन आणि पेशींच्या संवर्धनासाठी लागणारी प्रयोगशाळा होती. शरीरबाह्य फलनासाठी या दोन्हींची एकाच वेळी आणि जवळजवळ गरज असते. परळमध्ये ती एकाच परिसरात भागली.

वंध्यत्वाचा प्रश्न

१९७० व १९८० च्या दशकांत देशाच्या आरोग्यधोरणाचा भर कुटुंबनियोजनावर होता. लोकसंख्या आवरू पाहणाऱ्या देशाने मूल होण्यासाठीच्या उपचारांवर खर्च का करावा, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. वंध्यत्व ही लोकसंख्येची नव्हे तर विशिष्ट दांपत्याची व्याधी आहे, असे त्याला उत्तर दिले जात असे. या व्याधीचा सामाजिक भार मुख्यत्वे स्त्रीवर पडतो. दोष पुरुषाच्या शुक्राणूंत असला तरी ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच लावला जातो. मराठीत त्याचा पुल्लिंगी प्रतिशब्द रूढ नाही.

स्त्रियांमधील वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे गर्भनलिका (बीजवाहिनी) बंद असणे. जंतुसंसर्ग, पूर्वीची शस्त्रक्रिया, गर्भपातानंतरची गुंतागुंत यांमुळे नलिका बंद होऊ शकते. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही त्याचे एक मोठे कारण आहे. अंडाशयातून सुटलेले स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट नलिकेतच होत असल्याने नलिका बंद असल्यास गर्भधारणा होत नाही. नलिका मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियांना मर्यादित यश येत असे. शरीरबाह्य फलनाचे तंत्र मुळात याच अडचणीवरील उपाय म्हणून विकसित झाले.

तंत्र

‘परीक्षानळी शिशू’ किंवा ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द रूढ असला तरी तो शब्दशः खरा नाही. फलन सामान्यतः काचेच्या वा प्लास्टिकच्या उथळ बशीत होते आणि गर्भाची वाढ मातेच्या गर्भाशयातच होते. या प्रक्रियेचे स्थूलमानाने पुढील टप्पे असतात.

१. संप्रेरकांच्या साहाय्याने अंडाशय उद्दीपित करून एकाच ऋतुचक्रात एकाहून अधिक स्त्रीबीजे पक्व करणे.
२. रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण व सोनोग्राफी यांवरून स्त्रीबीज पक्व होण्याची वेळ निश्चित करणे.
३. स्त्रीबीजे शरीराबाहेर काढणे. आरंभीच्या काळात यासाठी पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीचा (लॅपरोस्कोप) वापर करीत. पुढे सोनोग्राफीच्या साहाय्याने योनिमार्गातून सुईने बीजे काढण्याची पद्धत रूढ झाली.
४. संवर्धक द्रवात स्त्रीबीज व शुक्राणू एकत्र ठेवून फलन घडविणे.
५. काही दिवसांच्या वाढीनंतर भ्रूण बारीक नळीने गर्भाशयात सोडणे.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर तो रुजेलच असे नसते. अनेक दांपत्यांना ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते व काहींना अखेरपर्यंत यश येत नाही. एकाहून अधिक भ्रूण सोडल्यास जुळी वा तिळी गर्भधारणा होणे आणि अंडाशयाचे अतिउद्दीपन होणे हे या उपचारातील प्रमुख धोके आहेत.

या तंत्राने जगातील पहिले बालक, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे जन्मले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो आणि परिचारिका व भ्रूणतज्ज्ञ जीन पर्डी यांचे हे कार्य होते. एडवर्ड्स यांना त्यासाठी २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर स्टेप्टो व पर्डी हयात नव्हते.

१९८६ मधील जन्म

परळच्या प्रकल्पात स्त्रीरोगविभागाची बाजू हिंदुजा यांनी सांभाळली. प्रयोगशाळेतील कामाचे नेतृत्व आनंदकुमार यांच्याकडे होते. मानवी शरीरबाह्य फलन व भ्रूणरोपण हाच हिंदुजा यांच्या मुंबई विद्यापीठातील पीएच.डी. संशोधनाचा विषय होता. प्रयोगशाळेत सी. पी. पुरी, के. गोपालकृष्णन आदी संशोधकांचाही सहभाग होता.

६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. वृत्तपत्रांनी या घटनेला ठळक प्रसिद्धी दिली. महानगरपालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात आणि सरकारी संशोधन संस्थेच्या सहकार्याने हे यश मिळाले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षी आयसीएमआरच्या पत्रिकेत या यशाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे १९८८ मध्ये शरीरबाह्य फलनाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात संपूर्ण प्रकल्पाचा अहवाल छापून आला.

या जन्माला ‘वैज्ञानिक नोंद झालेला’ म्हणतात ते यामुळेच. वैद्यकात एखादा दावा केवळ बालक जन्मल्याने सिद्ध होत नाही. गर्भधारणा नैसर्गिकरीत्या झालेली नाही हे दाखविण्यासाठी स्त्रीबीज केव्हा काढले, फलन केव्हा दिसले, भ्रूण केव्हा सोडला, त्यानंतर संप्रेरकांत कोणते बदल झाले, यांचा तारीखवार पुरावा लागतो. तो इतर तज्ज्ञांना तपासता यावा लागतो.

पुढील कार्य

याच प्रकल्पात ‘गिफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचाही अवलंब करण्यात आला. या पद्धतीत स्त्रीबीज व शुक्राणू एकत्र करून लगेच गर्भनलिकेत सोडतात. फलन शरीराच्या आतच होते. त्यामुळे किमान एक नलिका निरोगी असणे आवश्यक ठरते. या पद्धतीने भारतातील पहिले बालक ४ जानेवारी १९८८ रोजी जन्मले. शरीरबाह्य फलनातील यशाचे प्रमाण जसजसे सुधारत गेले, तसतशी ‘गिफ्ट’ पद्धत जगभर मागे पडली.

ज्या स्त्रियांच्या अंडाशयात बीजे तयार होत नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजाचा वापर करण्याच्या तंत्रातही हिंदुजा यांनी पुढे काम केले. भारत सरकारने २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हर्षाने २०१६ मध्ये मुंबईतच मुलाला जन्म दिला. त्या प्रसूतीच्या वेळीही हिंदुजा उपस्थित होत्या.

कोलकात्यातील पूर्वकार्य

मुंबईतील यशाच्या सुमारे आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे लुईस ब्राऊनच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, कोलकात्यात एका मुलीचा जन्म झाला होता. ती ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेली. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सुभाष मुखोपाध्याय (१९३१–१९८१), शीततंत्रतज्ज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांनी हे कार्य केले होते.

मुखोपाध्याय यांची पद्धत ओल्डमपेक्षा वेगळी होती. एडवर्ड्स व स्टेप्टो यांनी नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच स्त्रीबीज दुर्बिणीने मिळविले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन अंडाशय उद्दीपित केले, योनिमार्गातून बीजे काढली, तयार झालेले भ्रूण गोठवून ठेवले आणि नंतरच्या एका नैसर्गिक ऋतुचक्रात गर्भाशयात सोडले. आजच्या उपचारांत यांपैकी अनेक बाबी नित्याच्या आहेत. गोठविलेल्या भ्रूणापासून झालेल्या जन्माची जगन्मान्य नोंद मात्र १९८४ ची, ऑस्ट्रेलियातील आहे.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने मुखोपाध्याय यांचा दावा अमान्य केला. समितीत या विषयाचे तज्ज्ञ नव्हते, अशी टीका पुढे झाली. १९७९ मध्ये जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. तेथे त्यांच्या विषयाचे संशोधन शक्य नव्हते. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) हा हिंदी चित्रपट त्यांच्या जीवनावरून प्रेरित आहे.

प्राथम्याचा प्रश्न

१९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्यास गेले असता मुखोपाध्याय यांची मूळ टिपणे त्यांच्या पाहण्यात आली. ती तपासून आणि मुखोपाध्याय यांच्या सहकाऱ्यांशी बोलून मुखोपाध्याय यांचा दावा खरा असल्याचे मत त्यांनी बनविले. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून, भारतातील पहिल्या परीक्षानळी बालकाचे शिल्पकार मुखोपाध्याय हेच होत, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. या मतामुळे त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पाचा क्रमांक दुसरा ठरत होता.

आयसीएमआर व राष्ट्रीय आयुर्विज्ञान अकादमी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रास्ताविकात दोन्ही जन्मांचा उल्लेख आहे. त्यात कोलकात्यातील जन्म भारतातील पहिला व जगातील दुसरा, तर परळमधील जन्म वैज्ञानिक नोंद झालेला भारतातील पहिला, असा भेद केलेला आहे. सध्या हीच मांडणी सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते.

दोन्ही प्रसंगांतील फरक केवळ पुराव्याच्या व्यवस्थितपणाचा नव्हता. परळच्या प्रकल्पामागे राष्ट्रीय संशोधन परिषद उभी होती. त्यांच्या हाती प्रयोगशाळा, प्रकाशनाचे मार्ग आणि संस्थेचे अधिकृत पाठबळ होते. मुखोपाध्याय यांच्याकडे टिपणे होती, परंतु ती समजून घेऊ शकणाऱ्या सहव्यावसायिकांपुढे मांडण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ती टिपणे जपून ठेवली गेल्यामुळेच त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी त्यांची पुनर्तपासणी होऊ शकली.

परिणाम व कायदे

१९८६ नंतर देशात शरीरबाह्य फलनाची केंद्रे झपाट्याने वाढली. ही वाढ मुख्यतः खाजगी क्षेत्रात झाली. महापालिकेच्या रुग्णालयात पाय रोवलेला हा उपचार अल्प उत्पन्न असलेल्या दांपत्यांना मात्र खर्चामुळे दुर्लभ राहिला.

नव्या प्रजनन तंत्रांच्या गैरवापराचा प्रश्नही याच काळात पुढे आला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. त्यामुळे शरीरबाह्य फलनात भ्रूणाचे लिंग पाहून निवड करणे हा गुन्हा ठरतो.

साहाय्यकारी प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ अन्वये अशा केंद्रांना नोंदणी अनिवार्य झाली. या कायद्यानुसार उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयोगटातील असावी लागते व तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते. प्रत्येक केंद्राने आपल्या नोंदी किमान दहा वर्षे जतन करून नंतर त्या राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपविणेही बंधनकारक आहे.