बाराखडी आणि यंत्र

सोनपेठच्या शाळेंत पाटीवर बाराखडी गिरविलेला मनुष्य संगणकावर मराठी लिहूं लागला, कीं घटकाभर निरक्षर होतो. जुन्या टंकलेखनयंत्रावर ‘कि’ उमटविण्यास वेलांटी आधीं व ‘क’ मागाहून दाबावा लागे. १९८६ सालीं ठरलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’नें उच्चाराचा क्रम राखला, स्वर डावीकडे व व्यंजनें उजवीकडे नेलीं, तथापि इंग्रजी कळांवरील ती मांडणी पाठ करणें आलेंच.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली. तरबेज टंकलेखकास बाजूला ठेवून त्यांनीं नवशिक्याच्या हातीं नमुना दिला, आणि त्याचें बोट कोठें अडखळतें तें पाहिलें. २००४ सालीं व्हिएन्नाच्या परिषदेंत मांडलेल्या ‘कीलेख’ फलकावर क-वर्ग, च-वर्ग आपापल्या ओळींत बसले. पंतोजींची मुळाक्षरें प्रयोगशाळेच्या कामीं येतील, हें कोणा पंडिताच्या स्वप्नींहि नसावें!

२०१३ सालच्या ‘स्वरचक्रां’त तर ‘क’ला बोट लावतांच भोंवतीं का, कि, की, कु यांचें चक्र उमलतें, हव्या अक्षराकडे बोट सरकवावें, इतकेंच. जोडाक्षर हवें असल्यास ‘क्’ निवडावा, म्हणजे पुढचीं संभाव्य जोडाक्षरें फलकावर आपोआप दिसूं लागतात.