मूळ फीत : गिरगांव-दादर येथील एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं दफ्तरें, रुमाल, बखरी आठवतात; चित्रपटाची फीत कोणास आठवत नाहीं. वस्तुतः तिची कथा जीर्ण पोथीहून निराळी नाहीं. नाश तेवढा अधिक त्वरेनें होतो.

ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्याची घडण दादरच्या मेन रोडवर झाली. तो रस्ता आज फाळक्यांच्याच नांवानें ओळखला जातो. १९१२ सालीं लंडनहून त्यांनीं विल्यमसन कॅमेरा व छिद्रें पाडण्याचें यंत्र आणिलें. कच्च्या फिल्मच्या कडांस छिद्रें नसत. तीं सरस्वतीबाई अंधारांत पाडीत. ज्यास आपण कारखान्याचा माल समजतों, तो येथें निम्मा हातचाच होता! मूळ चित्राची लांबी सुमारें ३७०० फूट. उपलब्ध भाग त्याहून पुष्कळ थोडा, आणि तोहि फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हा घेतलेल्या चित्राचा असावा, असें कांहीं अभ्यासक मानतात. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यांस हा वाद परका वाटणार नाहीं. १९३१ सालीं गिरगांवांतच मॅजेस्टिकमध्यें लागलेल्या 'आलम आरा'ची तर एकहि प्रत ज्ञात नाहीं.

त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. दमट हवेंत ती चिकट होते, पुढें तिचा भुगा होतो. पेटल्यास पाण्याखालींहि विझत नाहीं, कारण ज्वलनास लागणारा प्राणवायु तिच्याच अंगीं असतो. लेपांतील चांदीसाठीं कित्येक फिती विकल्या गेल्या, हें वेगळेंच. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटसंग्रह नष्ट झाला. मागाहूनची अ‍ॅसिटेट फिल्म तशी पेटत नाहीं, पण कुजून शिरक्यासारखा दर्प सोडते. थंड व कोरड्या जागीं पॉलिएस्टरची मात्र शतकें टिकावी असें तज्ज्ञांचें अनुमान आहे.

संगणकावर प्रत उतरली कीं काम झालें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मतें ती उत्तम नक्कल आहे, मूळ नव्हे. ती दर कांहीं वर्षांनीं नव्या यंत्रावर चढवावी लागते. एक पिढी चुकली कीं खंड पडतो. फीत दिव्यासमोर धरली तरी डोळ्यांस दिसते. पण ती बनविणारे व धुणारे उरले पाहिजेत. उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना बंद पडला. कोडॅकनें २०१२ सालीं दिवाळखोरीचा आश्रय घेतला. तरी २०१५ त हॉलिवुडच्या मोठ्या चित्रसंस्थांनीं खरेदीची हमी दिल्यानें तिचें फिल्मचें काम चालू राहिलें. दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यांत हातकागद असाच थोड्या, पण जाणत्या गिऱ्हाइकांवर जगला आहे. फिल्मचेंहि भवितव्य बहुधा तसेंच.

गिरगांव, परळ, लालबागच्या जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याचा डबा सांपडल्यास संग्राहकांनीं फीत ओढून उलगडूं नये. फुगलेली वा चिकटलेली असल्यास ज्वालेपासून दूर, इतर कागदांपासून वेगळी ठेवावी, डब्यावरील अक्षरें उतरून घ्यावींत, आणि पुण्याच्या संग्रहालयास अगर मुंबईंत २०१४ सालीं निघालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवावें.