ढोलकवाल्याची चाल

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. घर म्हणजे खामगाव, जिल्हा बुलढाणा. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने शेगावला उतरायचं आणि पुढे एसटी, ऑटो, जे मिळेल ते. पोचलो तेव्हा अंगणात दोन म्हातारे भांडत होते. मी बॅग खाली ठेवली, पाया पडलो, तरी भांडण थांबलं नाही. एक आमचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी गावातल्या ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवायचे. दुसरे त्याच ऑर्केस्ट्रातले पेटीवाले गुरुजी, आता रिटायर्ड. भांडणाचा विषय मी शाळेत असल्यापासून एकच आहे: दत्ताराम संगीतकार म्हणून मोठा होता की नाही.

"अबे कायचा दत्ताराम! थे सारं शंकर-जयकिशनचं उष्टं हाय," गुरुजी म्हणतात.

"उष्टं? मंग 'आँसू भरी है'ची चाल कोनं केली? तुह्या बापानं?" हे मोठे बाबा. (वय वर्षे पंच्याहत्तर.)

आधी दत्ताराम कोण ते सांगतो, कारण माझ्या टीममधल्या कुणालाच हे नाव माहीत नव्हतं. मी विचारून पाहिलं. एकाने 'कोणत्या स्टार्टअपचा फाउंडर?' असं विचारलं. असो.

दत्ताराम वाडकर. जन्म १९२९, मूळचा गोव्याचा. १९४२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. आईने पोराला पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकायला घातलं. पुढची गोष्ट अशी सांगतात की तो ज्या व्यायामशाळेत जायचा तिथे शंकरही यायचा, आणि तालमीच्या घामातच दोघांची तबल्यावरून ओळख झाली. शंकर म्हणजे शंकर-जयकिशनमधला शंकर. तेव्हा तो पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवत होता आणि जयकिशन पेटी. १९४९ मध्ये 'बरसात' आला आणि त्या दोघांचं नशीब फिरलं. दत्ताराम त्यांच्या ताफ्यात आला तो वादक म्हणून, आणि पुढे त्यांचा सहाय्यक झाला. जुन्या सिनेमांची टायटल्स थांबवून बघा. 'संगीत: शंकर-जयकिशन' या मोठ्या अक्षरांच्या आसपास बारीक अक्षरांत दोन नावं दिसतात, दत्ताराम आणि सबॅस्टियन. सबॅस्टियन डिसोझाकडे व्हायोलिनचा ताफा आणि अरेंजिंग, दत्तारामकडे सगळा ताल विभाग. दोघेही गोव्याचे.

या माणसाच्या नावाने एक ठेकाच आहे. ढोलकवाले आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात आणि समोरच्याला कळतं काय वाजवायचं ते. केरव्याच्याच आठ मात्रा, पण चालत्या, पुढे ढकलणाऱ्या. गाणं टांग्यात बसल्यासारखं वाटतं. मोठे बाबा तो जेवणाच्या टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवतात आणि मोठी आई दर वेळी वरणाची वाटी उचलून बाजूला ठेवते.

संगीतकार म्हणून दत्तारामला पहिली संधी मिळाली ती आर. के. फिल्म्सच्या 'अब दिल्ली दूर नहीं'मध्ये, १९५७ साली. त्यातलं 'चुन चुन करती आई चिडिया' हे रफीचं गाणं बालवाडीत अजून चालतं. १९५८ मध्ये 'परवरिश'. यात मुकेशचं 'आँसू भरी है' आणि मन्ना डे-लताचं 'मस्ती भरा है समा'. १९५९ ला 'कैदी नं. ९११', १९६० ला 'श्रीमान सत्यवादी', त्यात मुकेशचं 'हाल-ए-दिल हमारा'. नंतर मात्र लहान बॅनर, कमी बजेट, आणि सिनेमे पडत गेले. जून २००७ मध्ये तो गेला.

मग खामगावात बसलेल्या पोरांना हे नाव कळलं कसं? रेडिओमुळे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले (मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त) आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी सुरू झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींच्या बिनाकाकडे वळले. शेवटी सरकारलाही शहाणपण आलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. म्हणजे दत्तारामचा पहिला सिनेमा आणि विविध भारती एकाच वर्षातली. रेडिओवर गाण्याआधी सिनेमा, गायक, गीतकार, संगीतकार सगळं सांगायची पद्धत होती. थिएटरात टायटल्स चालू असताना लोक जागा शोधत असतात, तिथे कोण वाचणार? रेडिओ मात्र रोज नाव कानावर घालायचा. 'आँसू भरी है' सुरू होणार, सगळे धरून चालणार की शंकर-जयकिशन, आणि निवेदक म्हणणार, संगीत दत्ताराम. मोठ्या बाबांनी आणि गुरुजींनी ते शाळेत असताना एकाच पानठेल्यावरच्या रेडिओवर ऐकलं, आणि भांडण तिथेच सुरू झालं.

आता गुरुजींची बाजू. ती अगदीच टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं असं: परवरिशमध्ये नायक राज कपूर, आवाज मुकेशचा, शब्द हसरत जयपुरीचे, ऑर्केस्ट्राचा घाट आर. के.चा. सगळं सामान शंकर-जयकिशनच्या घरचं. त्यात दत्ताराम इतकी वर्षं त्या घरात राबलेला. त्याला एखादी बाजूला पडलेली चाल मिळाली नसेल कशावरून? आणि मुख्य मुद्दा, 'आँसू भरी है' यमन-कल्याणाच्या अंगाने जातं. असलं दुःखाचं गाणं यमनात बसवणं हे सुरात बुडालेल्या माणसाचं काम. ढोलकवाल्याला हे कुठून सुचणार?

हा शेवटचा प्रश्न ऐकला की मोठ्या बाबांच्या कानशिलाची शीर फुगते.

हा प्रश्न फक्त खामगावचा नाही बरं का. ज्यांनी रॉक ऐकलंय त्यांना ड्रमरवरचा जुना जोक माहीत असेल: बँडमधून हाकलला जाण्याआधी ड्रमर शेवटचं काय म्हणतो? 'मित्रांनो, मीही एक गाणं केलंय.' बीटल्समध्ये रिंगोच्या एकट्याच्या नावावर दोनच गाणी आहेत, एक १९६८ चं आणि दुसरं १९६९ चं 'ऑक्टोपसेस गार्डन'. त्या दुसऱ्याच्या वेळी जॉर्ज हॅरिसन पियानोशी येऊन त्याला कॉर्ड सुचवतो, हे चित्रीकरणातच दिसतं. झालं, फॅन लोकांना तेवढं पुरतं. क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला १९७५ मध्ये ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. रेकॉर्ड एकच, त्यामुळे मागच्या बाजूलाही पुढच्या बाजूइतकीच रॉयल्टी. त्यावरून बँडमध्ये खटके उडाले. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून सगळ्या गाण्यांवर फक्त 'क्वीन' हे नाव टाकायचं ठरलं. डेव्ह ग्रोल निर्वाणात ड्रमच्या मागे बसला होता तोवर त्याच्या गाण्यांना कुणी विचारत नव्हतं. १९९५ मध्ये फू फायटर्सचा पहिला अल्बम त्याने जवळजवळ एकट्यानेच वाजवला, तेव्हा लोकांना कळलं की याच्याकडे चाली होत्या.

आपल्याकडेही रांग आहे. उस्ताद अल्लारखांनी ए. आर. कुरेशी या नावाने सिनेमांना संगीत दिलं. नाव का वेगळं घ्यावं लागलं असेल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. गुलाम मोहम्मद तबला-ढोलकचे, नौशादचे सहाय्यक, आणि 'पाकीझा'चे संगीतकार. ते १९६८ मध्ये गेले, सिनेमा आला १९७२ ला, उरलेलं काम नौशादने पुरं केलं. मग 'ती गाणी खरी नौशादचीच' असं म्हणणारे उगवलेच. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं संगीताचं बक्षीस पाकीझाला न मिळता 'बेईमान'ला मिळालं, म्हणजे शंकर-जयकिशनला. 'बेईमान'मध्येच काम केलेल्या प्राणने निषेध म्हणून आपलं स्वतःचं बक्षीस नाकारलं. एका ढोलकवाल्यासाठी खलनायकाने बक्षीस सोडलं, ही मला हिंदी सिनेमातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक वाटते.

गुरुजींच्या मुद्द्यात मुळातच एक बग आहे. तालवाल्याला चाल सुचत नाही म्हणता, मग शंकर कोण होता? पृथ्वी थिएटरचा तबलजी! ज्याचं 'उष्टं' दत्तारामने खाल्लं म्हणता तोच तबल्यावरून उठून पेटीशी बसला होता. मी हे बोललो तेव्हा गुरुजी दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "जयकिशन होता ना संगं." यांच्यापुढे कोण बोलणार.

मग मी माझ्या धंद्यातली पद्धत वापरली. एखादा बग नक्की कुठे आहे हे कळत नसेल तर एकेक गोष्ट बदलून बघायची. राज कपूर काढा, मुकेश काढा, हसरत काढा. दत्ताराम तेवढा ठेवा. असं गाणं आहे का? आहे. १९६१ चा 'जिंदगी और ख्वाब', गीतकार प्रदीप, आवाज मन्ना डे आणि सुमन कल्याणपूर, गाणं 'न जाने कहाँ तुम थे'. आर. के.च्या घरातलं सामान जवळजवळ काहीच नाही. मी अंगणात फोनवर ते लावलं. गुरुजींनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मोठे बाबा त्यांच्याकडे बघत होते, गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगून टाकतो. दत्ताराम शंकर-जयकिशनच्या तोडीचा नव्हता. पाच-सहा गाणी अव्वल, बाकी ठीकठाक. पण ती पाच-सहा त्याचीच आहेत. आणि हिशोब करायचाच तर दोन्ही बाजूंनी करा. शंकर-जयकिशनची कित्येक गाणी ज्या तालावर उभी आहेत तो या माणसाने बांधला, आणि ती आपण शंकर-जयकिशनची म्हणतो. त्याच्या स्वतःच्या चाली ऐकल्या की तिथेही आपण शंकर-जयकिशन म्हणतो. म्हणजे ताल दिला तो त्यांच्या खात्यात जमा, आणि चाल दिली तीही त्यांच्याच खात्यात. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका हिप-हॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत उचलला आणि त्या गाण्यावर हक्क जेम्स ब्राऊनचा. क्लाइड २०१७ मध्ये वारला. निदान त्या ठेक्याच्या गाण्याचं नाव तरी ड्रमरवरून होतं. चालीला मालक असतो, ठेका मात्र गावच्या विहिरीसारखा. आम्ही इंजिनिअर लोक रोज कुणाच्या तरी फुकट लायब्ररीवर अख्खं प्रॉडक्ट उभं करतो आणि डेमोमध्ये स्वतःचा लोगो लावतो, त्यामुळे मी फार मोठ्या तोंडाने बोलू शकत नाही.

रात्री गुरुजी गेल्यावर मोठी आई भांडी आवरता आवरता मला म्हणाली, "थे दत्तारामचं नसते रे भांडन. थे गनपतीच्या गान्याचं हाय."

मला हे नवीन होतं. १९७८ की ७९ साली गावातल्या एका गणेश मंडळासाठी ऑर्केस्ट्राने एक गाणं बसवलं होतं. ते इतकं चाललं की पुढे काही वर्षं विसर्जनाला तेच वाजायचं. मंडळाने स्टेजवर सत्कार केला तो पेटीवाल्याचा, कारण चाल पेटीवालाच करतो हे सगळ्यांना माहीतच असतं. मोठे बाबा मागे ढोलक आवळत बसले होते. चाल त्यांची होती असं मोठी आई म्हणते. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि स्वयंपाकघरात ते गुणगुणताना तिने ऐकलं होतं, सत्काराच्या महिनाभर आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी फराळाला आले तेव्हा मी सरळ विचारलं. चिवडा खाता खाता ते थांबले. मोठे बाबा पेपरात तोंड घालून बसले.

"चाल त्याची होती," गुरुजी म्हणाले. "अंतरा म्या वळवला. पन उचल त्याचीच."

"अंतराही माह्याच होता," पेपरामागून आवाज आला.

"कायले खोटं बोलतं बे! अंतऱ्यात कोमल निषाद कोनं टाकला?"

आणि परत सुरू झालं. मोठ्या आईने चहा ठेवला. मी माळ्यावरून पेटी काढली, तिचे दोन स्वर बसलेले होते. ढोलकची शाईची बाजू पार उतरली होती, पण पट्ट्या आवळल्यावर बोलली. दोघांनी ते गणपतीचं गाणं दोनदा वाजवलं. अंतऱ्याशी दोन्ही वेळा भांडण झालं, त्यामुळे पूर्ण कडवं काही मला मिळालं नाही. जेवढं मिळालं तेवढं फोनमध्ये रेकॉर्ड केलंय. फाईलच्या नावात दोघांचीही नावं टाकली, आधी मोठ्या बाबांचं. गुरुजींना अजून पाठवलेली नाही.