स्टंटबाजी
नगरसेवक खड्ड्यात बसून फोटो काढो की पोरगं धावत्या लोकलला लोंबकळो, मथळा ठरलेला: ‘स्टंटबाजी’. यातला ‘स्टंट’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कॉलेजांच्या मैदानांवर बोलला जाऊ लागला. त्याचं मूळ कोशकारांनाही सापडलेलं नाही. ‘बाजी’ फारसी. ‘बाज’ म्हणजे खेळणारा. पतंगबाज, दगाबाज त्याच गोतावळ्यातले.

आपल्याकडे शब्द रुळला त्यात मुंबईच्या स्टंटपटांचा मोठा हात. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त (१९३५) नायिका नाडियानं चाबूक फिरवला, उड्या मारल्या, त्याही स्वतः. त्या जिवावरच्या कसरती होत्या! आता कॅमेरावाला बोलावला की भागतं. नुसत्या ‘स्टंट’मध्ये थोडं कौतुक असतं, ‘बाजी’ चिकटली की ते संपतं. बातमीदारांनी एवढा फरक तरी पाळावा.