दुष्काळाच्या वहीत वादळाची नोंद

हिवरखेड नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. अकोला जिल्ह्यातले तेल्हारा तालुक्यात आहे आणि अमरावती जिल्ह्यातले मोर्शी तालुक्यात. दोन्ही सातपुड्याखालच्या पट्ट्यातली. पूर्णेच्या काठाने पसरलेला खारपाणपट्टा तेल्हारा तालुक्याचा दक्षिण भाग व्यापतो, पण डोंगराच्या बाजूला विहिरींना गोडे पाणी लागते. म्हणून अकोट, तेल्हारा, हिवरखेड, अंजनगाव सुर्जी या ओळीत कपाशीच्या जोडीला केळी, संत्री, पानमळे आणि पानपिंपळी उभी राहिली, आणि मोर्शीकडे संत्र्याने शिवारच व्यापले. बागाईत म्हणजे वर्षानुवर्षे जमिनीवर उभी असलेली मालमत्ता. एप्रिल-मे महिन्यात ऊन तापून संध्याकाळी जे वावधन सुटते, त्याच्या तोंडी हीच मालमत्ता आधी सापडते. त्याच वाऱ्यात गावठाणातली टिनपत्रे उडतात. एवढा ठरलेला धोका असूनही वऱ्हाडात वादळाने झालेल्या नुकसानीचा स्वतंत्र हिशेब कधी तयार झाला नाही. दीडशे वर्षांत इथे जी यंत्रणा उभी राहिली, ती दुष्काळ मोजण्यासाठी होती. वादळाला तिच्याच वहीच्या समासात जागा मिळाली, आणि मदत व विमा यांतल्या आजच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी बसवली गेली. रयतवारीत सरकारचे लक्ष एकाच गोष्टीवर असे, ते म्हणजे सारा वसूल होईल की नाही. पीक रुपयात किती आणे आले हे ठरवणारी आणेवारी त्या काळजीतून आली. आकडा खाली गेला तर सारा तहकूब व्हायचा किंवा माफ व्हायचा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये दुष्काळ संहिता आली. त्याच वर्षी जमीन सुधारणेच्या तगाईचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, शेतकऱ्यांच्या कर्जाचा. या दुसऱ्या कायद्यात संकटनिवारण, बियाणे आणि बैल यांसाठी कर्जाची सोय होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ वऱ्हाडाने सोसले, तेव्हा ही सगळी चौकट कामाला लागली. तिने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आणेवारी गावाची निघते, एका माणसाच्या शेताची नाही. पाऊस रुसला तर सगळ्या गावावर रुसतो, म्हणून दुष्काळासाठी गावाचा आकडा पुरतो. वावधन मात्र पट्ट्याने जाते. एका धुऱ्यावरची केळी आडवी होते आणि दुसऱ्या धुऱ्यावरची उभी राहते. अशा गावाची आणेवारी जवळपास जशीच्या तशी राहते, आणि ज्याची बाग गेली तो आकड्यात दिसतच नाही. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, सवलतीसाठी पन्नास पैशांची रेषा आली. मोजण्याचा घटक तोच राहिला.

पीकविम्याचा विचार आपल्याकडे जन्माला आला तोही दुष्काळाच्या छायेत. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९१५ च्या सुमारास पर्जन्यमानावर आधारलेली शेतीविम्याची योजना मांडली आणि १९२० मध्ये ती पुस्तकरूपाने आली. काळाच्या मानाने कल्पना फार पुढची होती, पण तिचे माप पावसाचे होते. प्रत्यक्ष विमा उतरवला गेला तो १९७२ मध्ये गुजरातेत, एच-४ या संकरित कपाशीचा, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतावरचा होता. १९७८ पर्यंत तो इतर राज्यांत आणि इतर पिकांतही गेला. त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ते जमले ४.५४ लाख रुपयांचे आणि दावे निघाले ३७.८८ लाखांचे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये भारतातल्या पीकविम्यावर जो निबंध लिहिला, त्याला ही पार्श्वभूमी होती. एकेका शेताचे नुकसान ठरवण्याच्या नादी लागू नका, सारख्या हवापाण्याचा एक प्रदेश धरा, पीककापणीच्या प्रयोगांतून त्या प्रदेशाचे उत्पन्न काढा आणि ते घटले तर तिथल्या सगळ्यांना भरपाई द्या, असे त्यांचे म्हणणे. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची पंतप्रधान योजना या सगळ्या त्याच पायावर उभ्या आहेत.

दांडेकरांचा तर्क मोडून काढणे सोपे नाही, आणि वादळाची बाजू मांडणाऱ्याने आधी त्याला सामोरे जायला हवे. लाखो लहान तुकड्यांचे शेत, उत्पन्नाची मागची नोंद नाही, शेतावर जाणारा माणूस कमी आणि गेलाच तर त्याच्यावर गावाचा दबाव. अशा स्थितीत वैयक्तिक पंचनाम्याचा विमा बुडतो, हे कपाशीच्या आकड्यांनी दाखवून दिले होते. पण हा आक्षेप ज्या विम्याला लागू होतो तो उत्पन्नाचा विमा आहे. पीक कमी का आले, पावसाने, किडीने की मालकाच्या आळसाने, हे शेतात उभे राहून सांगता येत नाही. आडवी पडलेली केळी मात्र आळसाने पडत नाही. वारा आणि गार यांचे नुकसान ठरावीक वेळी घडते आणि डोळ्यांना दिसते. शेजारच्या शेतांशी ताडूनही पाहता येते. युरोपात पीकविम्याची सुरुवात म्हणूनच नेमकी या टोकाने झाली. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये नॉयब्रांडेनबुर्ग इथे १७९७ साली शेतमालकांनी एकत्र येऊन गारपिटीच्या परस्पर विम्याची संस्था काढली. उत्पन्नाच्या विम्याहून गारेचा विमा पुष्कळ आधी जमला, कारण तो जमणे सोपे होते. आपल्याकडे अवघड काम आधी हाती घेतले गेले. त्याच्या अनुभवावरून मग सोप्या कामालाही अवघड ठरवून टाकले.

अपवाद मिळवण्यासाठी वादळाला बराच काळ थांबावे लागले. १९९९ च्या योजनेत गारपीट, भूस्खलन, पूर, चक्रीवादळ यांसाठी वैयक्तिक मोजणी काही भागांपुरती प्रयोग म्हणून ठेवली होती. २०१६ च्या योजनेत स्थानिक आपत्ती हा नियमित भाग झाला आणि आधी ४८, पुढे ७२ तासांत कळवण्याची अट आली. पण त्या यादीत गारपीट, भूस्खलन आणि पाण्याखाली जाणे होते, नंतर ढगफुटी आणि विजेची आग आली. नुसता वारा नव्हता. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा बंद केला, तेव्हा राज्यापुरती ही स्थानिक आपत्तीची सोयही काढून टाकली आणि भरपाई पुन्हा पीककापणी प्रयोगावर आणून ठेवली. एक रुपयाच्या विम्यात खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाला होता हे खरे आहे. पण खोटे अर्ज हा नोंदणीचा दोष होता. त्याची शिक्षा गारपिटीच्या पंचनाम्याला का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

वाऱ्याला खरी ओळख मिळाली ती एका पिकामुळे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी मार्च ते जुलै या काळात ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून वेगाचा वारा हा वेगळा धोका धरला आहे, आणि त्यात शेतकऱ्याने कळवल्यावर बागेचा पंचनामा होतो. संत्र्याला गारपिटीचे जादा संरक्षण घेता येते, पण वाऱ्याचे नाही. पानमळा आणि पानपिंपळी यांना फळपिकांच्या यादीत स्थानच नाही. हिवरखेडच्या एका शिवारात एकाच वाऱ्याने केळी, संत्री आणि पानपिंपळी पडली तर तीन मालकांना तीन वेगळी उत्तरे मिळतात. वाऱ्याचे नुकसान मोजता येत नाही म्हणून हे घडते असे मानायला जागा नाही, कारण केळीच्या बागेत ते मोजले जातेच. केळीला जळगावसारख्या मोठ्या जिल्ह्याचे बळ होते आणि पानपिंपळी दोन-तीन तालुक्यांपुरती राहिली, हे कारण मला जास्त पटते.

आता घराकडे वळू. जुने वऱ्हाडी घर मातीच्या भिंतीचे. त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे असायचे किंवा उतरते कवेलूचे छप्पर, आणि गरिबाघरी पऱ्हाटीचे कूड. कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागत, फुटके काढून नवे बसवावे लागत. म्हणजे दुरुस्ती हा घराच्या वार्षिक खर्चाचाच भाग होता आणि वादळाने चार हात छप्पर उसकटले तर ते त्याच कामात धरले जाई. कवेलू गळून पडले तरी त्यांतले बरेचसे पुन्हा वर चढत. टिनपत्र्याने हे सगळे बदलले. पत्र्याला वार्षिक देखभाल लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटला आणि त्याने कवेलू जवळपास हटवले. पण पत्र्याखाली वारा शिरला की तो अख्खाच्या अख्खा जातो, वाकतो, फाटतो, आणि परत चढवण्याच्या लायकीचा राहत नाही. जिवाचा धोका वेगळाच. ९ एप्रिल २०२३ रोजी बाळापूर तालुक्यातल्या पारस इथे वादळात कडुनिंबाचे जुने झाड एका संस्थानाच्या टिनशेडवर कोसळून सात माणसे गेली. वर्षाला थोडा थोडा होणारा खर्च एका संध्याकाळी एकदम अंगावर येणाऱ्या खर्चात बदलला. अशा खर्चासाठीच खरे तर विमा असतो.

तो मात्र गावठाणात पोचलाच नाही. आपल्याकडचा सर्वसाधारण विमा व्यापाऱ्याच्या मालापासून सुरू झाला. ट्रायटन कंपनी १८५० साली कलकत्त्यात निघाली, ती गोऱ्या व्यापाऱ्यांच्या जगात. इमारतीच्या विम्याचे नावच आगीचा विमा राहिले. वादळ आणि पूर हे त्याला जोडलेले धोके. पिकाच्या बाबतीत वादळ दुष्काळाच्या वहीत गेले तसे घराच्या बाबतीत ते आगीच्या वहीत गेले. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही सर्व कंपन्यांना सारखी असलेली पॉलिसी आली. तिच्यात वादळ मूळ संरक्षणातच धरले आहे, आणि घराचा विमा कमी रकमेचा उतरवला होता असे म्हणून दावा त्या प्रमाणात कापता येत नाही. कागदावर ती चांगली आहे. हिवरखेडसारख्या गावात ती किती घरांवर असेल याचा अंदाज कोणीही करावा.

इथे नेहमीचा शेरा येतो की शेतकरी स्वतःच घराचा विमा काढत नाही, मग ओरड कशाला. इतिहास वेगळे सांगतो. आपल्या खेड्यात विमा कधीच एकटा आला नाही, तो कर्जाचे बोट धरून आला. १९८५ ची योजना पीककर्जाला बांधलेली होती आणि कर्जदारावरची विम्याची सक्ती २०२० च्या खरिपापर्यंत टिकली. सोसायटीने किंवा बँकेने हप्ता परस्पर कापला म्हणून पीकविमा शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला. गावठाणातल्या घरावर मात्र कर्जच मिळत नसे, कारण सात-बारा शेतजमिनीचा असतो आणि घराच्या नावाने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली कर आकारणीची नोंद तेवढी. ती मालकीचा पुरावा धरत नाहीत. तारण नाही म्हणून बँक नाही, आणि बँक नाही म्हणून विमाही नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देणे सुरू झाले आहे. घराचा विमा खेड्यात रुजलाच तर तो जाहिरातीपेक्षा या पत्रकाच्या मागून रुजेल, असे मला वाटते.

तोवर घर उभारायला उरते सरकारी मदत. तिच्यातही जुनी अडचण आहे. राष्ट्रीय निकषांतल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, पण सातपुड्यावरून उतरणारा स्थानिक वारा चक्रीवादळ नव्हे. राज्याने अवेळी पाऊस आणि वीज यांची भर घातली, त्यामुळे वाऱ्यासोबत सरी आल्या तर नोंदीला खाते सापडते. कोरड्या वावधनाची गोष्ट वेगळी. २०२२ ते २०२६ या काळाच्या केंद्रीय दरांप्रमाणे सपाटीवरचे पूर्ण पडलेले घर १,२०,००० रुपयांचे. अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. पत्रे उडालेले घर बहुधा दुसऱ्या रांगेत जाते, कारण भिंती उभ्या असतात. बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर. ही रेषा २०१५ पर्यंत ५० टक्के होती.

दुष्काळापुढे वादळ किरकोळ, असा शेवटचा आक्षेप उरतो. जिल्ह्याच्या बेरजेत ते खरेच आहे. पण दुष्काळात एक हंगाम जातो आणि जमीन पुढच्या मृगाची वाट पाहते. उपटलेल्या संत्र्याच्या जागी नवे कलम लावले तर फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्या मालकाचे उत्पन्न बंद आणि शेजाऱ्याचे चालू. मंडळाचे पीककापणी प्रयोग त्या काळात चांगलेच आकडे दाखवत राहतात. २०१७ नंतर महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आणि तिथे वाऱ्याचा वेग नियमित नोंदला जाऊ लागला. म्हणजे केळीसाठी जो आकडा वापरला जातो तो त्याच केंद्रावर संत्र्यासाठी आणि पानमळ्यासाठीही तयार पडलेला असतो. फळपीक विम्याच्या पुढच्या शासन निर्णयात संत्र्याच्या तक्त्याला वाऱ्याची एक ओळ वाढवायला नवे यंत्र लागणार नाही, आणि पंचनाम्याचा छापील नमुनाही केळीचाच चालेल.