मोटारीत गाणे कसे बसले?

रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या आकाराचा, एकाच फलकावर सामावलेला संगणक आता अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत पोचला आहे. तो घेऊन आपल्या मोटारीसाठी गाण्यांचा संच स्वतः जुळवणारे हौशी लोक जगभर आहेत. फलक, ध्वनीसाठी एक छोटी जोडपट्टी, वर्धक आणि दोन स्पीकर एवढे साहित्य जमले, की घरातल्या टेबलावर हा संच पहिल्या संध्याकाळीच गाऊ लागतो.

तोच संच मोटारीत बसवला की तक्रारी सुरू होतात. किल्ली फिरवून इंजिन चालू करताच संगणक मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. गाडी वेग घेऊ लागली की गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येते आणि इंजिनाच्या गतीबरोबर तिची पट्टीही चढत जाते. काही दिवसांनी एका सकाळी संच सुरूच होत नाही, कारण स्मृतिपत्रावरची माहिती विस्कटलेली असते.

यातली एकही तक्रार गाण्याविषयी नाही, तिन्ही मोटारीतल्या विजेविषयी आहेत. त्यातल्या पहिल्या दोन तर नव्याही नाहीत. १९३० साली शिकागोत मोटारीत रेडिओ बसवणाऱ्यांपुढे त्यांचेच पूर्वज उभे होते. मोटारीतल्या गाण्याचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः या दुखण्यांच्या उपचारांचाच इतिहास आहे.

धंदा बुडाला म्हणून

पॉल आणि जोसेफ गॅल्व्हिन या भावांनी १९२८ साली शिकागोत एक छोटा कारखाना काढला. त्यांचा माल होता 'बॅटरी एलिमिनेटर'. त्या काळी घरचे रेडिओ बॅटरीवर चालत. घरात वीज आलेल्यांना तो रेडिओ विजेच्या दिव्याच्या जोडणीवर चालवता यावा, यासाठी हे उपकरण होते. पण लवकरच थेट घरच्या विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि १९२९च्या अखेरीस मंदीने घाला घातला. एलिमिनेटरची गरजच संपत चालली. तेव्हा पॉल गॅल्व्हिन यांचे लक्ष मोटारीकडे वळले. मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण ते महागडे आणि खटपटीचे होते.

विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तंत्रज्ञांच्या साहाय्याने एक संच तयार झाला. तो आपल्या स्टुडबेकर मोटारीत बसवून पॉल गॅल्व्हिन जून १९३० मध्ये शिकागोहून सुमारे तेराशे किलोमीटर दूर असलेल्या अटलांटिक सिटीला गेले. तेथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. गॅल्व्हिन यांच्यापाशी प्रदर्शनातला गाळा नव्हता. त्यांनी मोटार बाहेरच उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. ऐकणाऱ्यांनी मागण्या नोंदवल्या. '५टी७१' या संचाची किंमत ११० ते १३० डॉलरच्या आसपास होती. त्या वर्षी फोर्डची स्वस्तातली नवी मोटार पाचशे डॉलरच्या आत मिळे, यावरून ही चैन केवढी होती ते कळेल. संचाला 'मोटोरोला' हे नाव दिले गेले आणि १९४७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले.

ठिणगीचे वैर

या मंडळींचा पहिला शत्रू इंजिनातच बसलेला होता. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी स्पार्क प्लगच्या फटीत हजारो व्होल्टची ठिणगी पाडावी लागते. आणि ठिणगी म्हणजे काय? १८८७ साली हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली तीही ठिणगीपासून निघालेल्या लहरींनी. म्हणजे मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरवर एक छोटे प्रक्षेपण केंद्रच बसलेले असते. रेडिओ आपले काम चोख करतो आणि त्याचेही प्रक्षेपण ऐकवतो.

वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा. चार सिलिंडरच्या चार-धावी इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० फेरे आणि ६० ठिणग्या होतात. गाडीचा वेग वाढवला की खरखर का वाढते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

उपाय तीन होते. प्रत्येक प्लगच्या तारेत काही हजार ओहमचा रोधक घालायचा, म्हणजे ठिणगी पडते पण तिच्याबरोबरची विद्युत आंदोलने दबतात. जनित्राच्या टोकांना धारित्र जोडायचे. आणि रेडिओला चहूबाजूंनी धातूच्या डब्यात बंद करायचे. प्लगच्या तारांत रोध ठेवण्याची पद्धत पेट्रोलच्या मोटारींत नंतरही टिकली, ती अशी रेडिओच्या पायी आली.

सहा व्होल्टची बॅटरी, दोनशेची भूक

दुसरा प्रश्न विद्युतदाबाचा. त्या वेळच्या अमेरिकी मोटारींत बहुधा सहा व्होल्टची बॅटरी असे. रेडिओतल्या निर्वात नलिकांच्या तारा तापवायला ती पुरे. पण नलिकांच्या धनाग्रांना शंभर ते दोनशे व्होल्टचा दाब लागे. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांचे खोके मोटारीच्या तळाशी ठेवावे लागत. ते जड होते, महाग होते आणि वारंवार बदलावे लागे.

दाब वाढवायला रोहित्र आहेच, असे विद्यार्थी म्हणतील. पण रोहित्र चालते ते बदलत्या प्रवाहावर आणि बॅटरी देते एकाच दिशेचा प्रवाह. १९३०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत यावर तोडगा रूढ झाला तो 'व्हायब्रेटर', म्हणजे कंपक. शाळेच्या विद्युत घंटेत पट्टी विद्युतचुंबकाकडे ओढली जाते, त्यामुळे परिपथ तुटतो, पट्टी मागे येते आणि परिपथ पुन्हा जुळतो. नेमकी हीच युक्ती येथे वापरली होती. कंपक सेकंदाला शंभराहून अधिक वेळा प्रवाह तोडे आणि जोडे. असा तुकड्यातुकड्यांचा प्रवाह रोहित्रातून दोनशे व्होल्टपर्यंत चढवायचा आणि मग पुन्हा एकदिश करायचा. कंपकाची गुणगुण ऐकू येई, त्याची स्पर्शटोकेही झिजत, पण खोकेभर बॅटऱ्या गेल्या.

कंपकाला निरोप दिला तो ट्रान्झिस्टरने. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या घटकाला बॅटरीचा कमी दाबही पुरतो. फिल्को आणि क्रायस्लर या कंपन्यांनी १९५५ साली संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. त्यात नलिका नव्हती, म्हणून कंपकही नव्हता.

खड्डे आणि धक्के

रेडिओ लागला, पण आपल्या आवडीचे गाणे हवे तेव्हा ऐकायचे तर ते मोटारीत साठवायला हवे. १९५६च्या क्रायस्लर मोटारींसाठी चक्क ध्वनिमुद्रिका वाजवणारे यंत्र देण्यात आले. सीबीएस कंपनीच्या पीटर गोल्डमार्क यांनी त्यासाठी मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या, अतिशय बारीक खोबणीच्या खास तबकड्या केल्या होत्या. धक्क्याने सुई उडू नये म्हणून ती तबकडीवर जोराने दाबून धरावी लागे. तबकड्याही वेगळ्या घ्याव्या लागत. ही कल्पना फार वर्षे टिकली नाही.

फीत या बाबतीत सरस ठरली, कारण ती चुंबकीय शीर्षावर दाबून सरकत राहते आणि धक्क्याने उडण्याचा प्रश्न येत नाही. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली. विल्यम लिअर यांची आठ-पट्टी फीत फोर्डने १९६५ साली आपल्या नव्या मोटारींत देऊ केली. तेच लिअर, जे पस्तीस वर्षांपूर्वी गॅल्व्हिन यांच्या मदतीला होते! आपल्याकडच्या टॅक्सी-ट्रकांत पुढे आवडीची गाणी घुमली ती कॅसेटवरच.

केंब्रिजमधला धागा

आता संगणकाकडे वळू. त्यासाठी अमेरिका सोडून इंग्लंडातल्या केंब्रिजला जायला हवे. तेथल्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली शाळांसाठी 'बीबीसी मायक्रो' हा संगणक काढला. याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रक्रियक आखला. एप्रिल १९८५ मध्ये पहिली एआरएम चकती हाती आली. ती किती प्रवाह घेते हे मोजताना मापकाचा काटा शून्यावरच राहिला, असे फर्बर सांगतात. तपासाअंती कळले, की चकतीला वीज जोडलीच गेलेली नव्हती. इतर टोकांतून झिरपणाऱ्या प्रवाहावर ती चालत होती!

अशा मितभोजी प्रक्रियकाचे मोल मोटारीत मोठे आहे. १९९९ साली केंब्रिजच्याच एम्पेग या छोट्या कंपनीने मोटारीच्या रेडिओच्या जागी बसणारा संगणक विकायला काढला. त्यात एआरएम घराण्यातला २२० मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक, लिनक्स प्रणाली आणि मांडीवरच्या संगणकाची चकती होती.

हे शक्य झाले ते एमपी३ या ध्वनिसंक्षेपामुळे. सीडीवर एका सेकंदाच्या संगीताला सुमारे १४ लाख ११ हजार बिट लागतात. एमपी३ मध्ये १ लाख २८ हजारांत बऱ्यापैकी काम भागते. म्हणून पाच मिनिटांचे गाणे ५३ ऐवजी ४.८ मेगाबाइटमध्ये बसते. याचा आणखी एक फायदा असा, की एक मेगाबाइट स्मृतीत मिनिटभराचे संगीत मावते. चकतीवरून गाणे आधीच स्मृतीत वाचून ठेवले, तर मध्ये खड्डा आला तरी गाणे अडत नाही. धक्क्यांवर गोल्डमार्क यांनी सुईचा दाब वाढवून जे साधू पाहिले, ते येथे साठ्याने साधले. एम्पेग कंपनी नंतर विकली गेली आणि २००१ साली हे यंत्र बंद झाले. पण हौशी लोकांना वाट दिसली होती.

जुनी दुखणी, नवे रूप

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला, तोही केंब्रिजहूनच. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रक्रियक होता आणि त्या नमुन्याची किंमत होती ३५ डॉलर. त्याला हवे असतात स्थिर पाच व्होल्ट. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी मात्र इंजिन चालू असताना चौदाच्या वर जाते आणि किल्ली फिरवताना सुरुवातीची मोटर शेकडो अँपिअर ओढते तेव्हा सात-आठपर्यंत कोसळते. पाच व्होल्टच्या नियंत्रकाने हा सारा चढउतार सोसला पाहिजे. आजचा नियंत्रक ट्रान्झिस्टरने प्रवाह सेकंदाला लाखो वेळा तोडतो-जोडतो आणि वेटोळ्याच्या साहाय्याने हवा तो दाब मिळवतो. तो जुन्या कंपकाचाच नातू आहे.

वेगाबरोबर चढणारी शीळ येते अल्टरनेटरमधून. सहा ध्रुवजोड्यांच्या तीन-कला अल्टरनेटरचा प्रवाह एकदिश केला, तरी त्यात दर फेऱ्याला ३६ बारीक लाटा उरतात. इंजिनाचे मिनिटाला १००० फेरे आणि अल्टरनेटर अडीचपट वेगाने फिरणारा धरला, तर सेकंदाला सुमारे १५०० लाटा होतात, म्हणजे थेट कानात बसणारा सूर. संगणक आणि वर्धक मोटारीच्या धातूला वेगवेगळ्या जागी जोडले, तर त्या दोन जागांमधला सूक्ष्म दाबफरक गाण्यात मिसळतो. दोघांची भूजोडणी एकाच बिंदूवर केली, की बहुधा शीळ बसते.

तिसरे दुखणे मात्र संगणकाने स्वतःबरोबर आणले. रेडिओची वीज कधीही तोडा, त्याचे काही बिघडत नाही. संगणक त्या क्षणी स्मृतिपत्रावर काही लिहीत असेल तर लेखन अर्धवट राहते. मी जुळवलेल्या पहिल्या संचाचे पत्र असेच निकामी झाले आणि दोष मी पत्राला दिला. खरे तर दोष किल्ली काढताच वीज तोडणाऱ्या माझ्या जोडणीचा होता. संचाला दोन तारा हव्यात. एक कायम जिवंत असावी, दुसरीने फक्त किल्लीची खबर द्यावी. खबर मिळाली की संगणकाने आवरासावर करावी आणि मग वेळयंत्राने वीज तोडावी. ती तोडायची विसरलो, तर पाच वॅटचा संचही ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी करील.

शाळेत काय करता येईल?

विद्यार्थ्यांना चालत्या मोटारीच्या तारांना हात लावू देऊ नये. टेबलावर बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि तिच्या टोकाशीच फ्यूज घेऊन हा संच जुळवता येतो. तेवढा खर्च जमत नसेल, तर त्याहून साधा प्रयोग आहे. शाळेची विद्युत घंटा वाजवा आणि तिच्याजवळ मध्यमलहरींचा जुना रेडिओ धरा. खरखर ऐकू येईल. रेडिओ पत्र्याच्या डब्यात ठेवून, घंटेच्या स्पर्शटोकांना धारित्र जोडून ती किती घटते ते पाहा. शिकागोतल्या मंडळींचे १९३०चे काम त्यात आले.

हा छोटा संगणक निघाला त्यामागेही शिक्षकांची एक काळजी होती. एबेन अप्टन आणि केंब्रिज विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होते, की संगणकशास्त्र शिकायला येऊ इच्छिणारे कमी होत आहेत आणि येणाऱ्यांनी घरी संगणकाशी खटपट केलेली नसते, कारण घरचे यंत्र खटपटीसाठी उरलेलेच नाही. आजच्या मोटारीतला पडदाही तसाच बंद असतो. तो बिघडला तर आपण तो बदलून घेतो आणि का बिघडला हे कळत नाही. घंटा, रेडिओ आणि धारित्र घेऊन बसलेल्या आठवीच्या मुलीला ते कळू शकते. तिने खरखर का येते एवढे विचारले, तरी तासिका सार्थकी लागली असे समजावे.